कावळ्याची वाट

केसपेपरवर माझं नाव सुलभा.
वॉर्डात मात्र म्हणतात, दुर्मिळ.
परळला, सातव्या मजल्यावर,
नऊ वाजता पांढऱ्या कोटातली पोरं येतात,
खाटेभोवती उभी राहतात,
आमच्या पार्कसाइटच्या नळाला बायका राहायच्या तशी,
फक्त यांच्या हातात कळशी नाही.
मोठे सर सांगतात, तीस वर्षांत ही दुसरी.
मी पदर सारखा करते.
पहिली कोण होती, ते कुणी सांगत नाही.

सहा वर्षांपूर्वी पिशवीच्या तोंडाशी होतं.
त्याआधी दोन वर्षं अंगावरून जात होतं
आणि मी ते अंगावर काढत होते.
भाषेनंच सोय करून ठेवलेली.
मग पंचवीस शेक, वर तीनदा आतून,
आणि सरांची सही: काही नाही.
मी पाच नारळ फोडले.

आता डाव्या कुशीत, कमरेच्या वर.
आधी वाटलं, मूत्रपिंडाचं आपलंच काहीतरी असेल.
सुईनं तुकडा काढला.
डॉक्टर नौशीन, असेल सत्तावीसची,
स्टूल ओढून बसली:
मावशी, गाठ किडनीत आहे, पण किडनीची नाही.
पेशी खालच्या आहेत. जुन्याच.
कसं गं कळलं?
जिथून आल्यात, तिथल्यासारख्याच दिसतात.

मला पटलं.
चाळीस वर्षं टेकडीवर काढली,
अजून रागावले की तोंडातून मालवण येतं.
बिऱ्हाड हलतं, हेल हलत नाही.

हरिश्चंद्र बाजूला उभा होता.
महापालिकेत चावीवाला, जन्म पाइपांत गेला त्याचा.
तो डॉक्टरला म्हणाला, होतं असं.
गळती दिसते एकीकडे,
फुटलेलं असतं भलतीकडे.
ती हसली नाही. मान हलवली तिनं,
हाताखालच्या माणसानं साहेबाला हलवावी तशी.

रात्री मी तो शब्द चघळते.
मूत्रपिंड.
पिंड.

तेराव्या वर्षी आईनं पडवीत बसवलं.
विचारेल त्याला सांगायची, कावळा शिवलाय हिला.
मी हात बघितले, पोटऱ्या बघितल्या,
कुठं शिवला ते सापडेना.
चार दिवस आभाळाकडे बघत बसले.
पुढं दर महिन्याला यायचा,
एकदा तर भर लग्नघरात.
पन्नाशीला यायचा थांबला,
मला वाटलं, उडाला.

आतच होता.
अंधारात चाचपडत वर गेला असेल,
आणि समोर पिंड दिसल्यावर
कावळ्यानं दुसरं काय करायचं?

लोक बाणगंगेवर उन्हात ताटकळतात,
हात जोडून कबूल करतात,
तुझ्या पोरांना बघू, तुझं कर्ज फेडू,
तरी तो फिरकत नाही.
माझा न बोलावता शिवून बसलाय.
म्हणजे माझं काही मागं राहिलं नाही, असं धरायचं का?
राहिलंय की.
नातीला ती लस द्यायची आहे, दहावं लागलं तिला.
जावई म्हणतो, आपल्या घरात कशाला.
त्याला मी माझी फाइल वाचून दाखवणार आहे,
सगळी पानं,
जेवायला बसला असताना.

परवा घरी सोडलं.
लघवी मोजायला सांगितली आहे,
रेघा मारलेला प्लास्टिकचा मग दिला.
पहाटे तीन-चाळीसला हरिश्चंद्र चावी खांद्यावर टाकून जातो.
थोड्या वेळानं भिंतीतल्या पाइपात आधी हवा खोकते,
मग पाणी येतं.
तो परतेपर्यंत मी मग उंबऱ्याशी ठेवते.
दिव्याखाली धरून तो रेघ बघतो,
चष्मा वर करून, पुन्हा एकदा,
आणि पाण्याच्या वेळांच्या वहीतच लिहितो:
टाकी दोन, सुरू ३.४०, बंद ५.१०.
सुलभा, दोनशे दहा.